१७ ते ४८१ : शालेय गणित स्पर्धांचे एक शतक

शालेय विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धांना आज जे रूप आहे, त्याचा आराखडा १८९४ साली हंगेरीत तयार झाला. त्या एका वर्षात तिथे दोन गोष्टी सुरू झाल्या. जानेवारीत ग्योर या गावातून शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक निघू लागले, आणि त्याच वर्षी नुकतीच शाळा संपवलेल्या मुलांसाठी एक परीक्षा सुरू झाली. मासिकातली उदाहरणे घरी बसून, दिवसचे दिवस डोके खाजवून सोडवायची होती. परीक्षा मात्र एका बैठकीची आणि मोजून तीन प्रश्नांची. पुढे जगभर पसरलेल्या ऑलिम्पियाडची मुळे या दोन्हींत सापडतात.

हंगेरी तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. १८६७ मध्ये ऑस्ट्रियाशी झालेल्या तडजोडीनंतर अंतर्गत कारभार हंगेरियन लोकांच्या हाती आला आणि शाळांकडे लक्ष वळले. १८६८ मध्ये शिक्षणमंत्री योझेफ एटव्हश यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा आणला. १८७२ मध्ये मोर कार्मान यांनी बुडापेस्टमध्ये ‘मिंटा’, म्हणजे ‘नमुना’, नावाची शाळा काढली. तिथे नियम आधी आणि उदाहरण नंतर असा क्रम नव्हता. हंगेरीतल्या गव्हाच्या उत्पादनाचे आकडे मुलेच शोधून आणत, त्यांचे आलेख काढत, आणि आलेख कुठे चढतो, किती वेगाने चढतो हे पाहता पाहता बदलाच्या दराची कल्पना त्यांच्या हाती लागे. गणित म्हणजे पाठ करण्याची नव्हे, शोधून काढण्याची गोष्ट, ही समजूत शिक्षकांच्या एका पिढीत अशी रुजत गेली.

पोस्टाने येणारी उत्तरे

ग्योरचे गणित शिक्षक दानिएल अरान्य हे त्याच पिढीचे. त्यांनी काढलेल्या मासिकाच्या नावाचा अर्थ साधासुधा, ‘माध्यमिक शाळांचे गणितपत्र’. कोमाल या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. मासिकाची रीत अशी : अंकात उदाहरणे छापायची, देशभरातल्या मुलांनी उत्तरे पोस्टाने पाठवायची, आलेल्यांतले सर्वात नेटके उत्तर ते पाठवणाऱ्याच्या नावानिशी छापायचे, आणि बरोबर सोडवणाऱ्या बाकीच्यांची नावे त्याखाली द्यायची. पुढे वर्षअखेरीस सर्वाधिक उदाहरणे सोडवणाऱ्यांची छायाचित्रेही येऊ लागली. आडगावच्या शाळेतला एखादा मुलगा वर्गात एकटाच पुढे असला, तरी आपल्यासारखे आणखी कोण कुठे आहेत हे त्याला या नावांच्या यादीतून कळे. प्रश्नाचे उत्तर येणे पुरेसे नव्हते. छापण्याजोगे लिहिता येणे हीदेखील कसोटी होती.

१८९६ मध्ये संपादनाची जबाबदारी लास्लो रात्स यांच्याकडे आली आणि १९१४ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. बुडापेस्टच्या लुथेरन शाळेत ते गणित शिकवत. जॉन फॉन नॉयमन आणि युजीन विग्नर हे त्यांचे विद्यार्थी. नॉयमनची चमक शाळेच्या चौकटीत मावणारी नाही हे ओळखून, त्याला विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून वेगळे शिक्षण मिळेल अशी तजवीज त्यांनी केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळाल्यावरही विग्नर आपल्या या शाळामास्तरांचा उल्लेख आवर्जून करत आणि त्यांचे छायाचित्र आपल्या कार्यालयात लावून ठेवत.

तीन प्रश्नांची परीक्षा

जून १८९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लोरांद एटव्हश हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणणाऱ्या योझेफ यांचे हे चिरंजीव. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपणाऱ्या काट्यासाठी ते विज्ञानात प्रसिद्ध आहेत. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या गणित-भौतिकी संस्थेचे ते अध्यक्ष होते. अध्यक्ष मंत्री झाल्याच्या निमित्ताने संस्थेने त्यांच्या नावाने एक वार्षिक परीक्षा सुरू केली. त्या उन्हाळ्यात शाळा संपवलेली मुले शरदात या परीक्षेला बसत. प्रश्न तीन, आणि सोबत वाटेल ती पुस्तके व वह्या आणायची मुभा. सर्वोत्तम दोन उत्तरपत्रिकांना पहिले आणि दुसरे एटव्हश पारितोषिक मिळे.

पुस्तके उघडी ठेवूनही परीक्षा सोपी होत नसे. का होत नसे, ते पहिल्याच वर्षाच्या पहिल्याच प्रश्नात दिसते. क्ष आणि य पूर्णांक असताना २क्ष + ३य या राशीला १७ ने भाग जात असेल, तर नेमका तेव्हाच ९क्ष + ५य या राशीलाही १७ ने भाग जातो, हे सिद्ध करायचे होते.

एखादा विद्यार्थी क्ष आणि य यांच्या किमती घालून पाहू लागेल. क्ष = ७ आणि य = १ घेतले, तर पहिली राशी १७ आणि दुसरी ६८. दोन्हींना १७ ने भाग जातो. पण अशी कितीही उदाहरणे गोळा केली तरी सिद्धता होत नाही. वाट वेगळीच आहे. पहिल्या राशीची चौपट करून तीत दुसरी मिळवली की ८क्ष + १२य + ९क्ष + ५य, म्हणजे १७क्ष + १७य होतात. या बेरजेला १७ ने भाग जातोच. म्हणून पहिल्या राशीला १७ ने भाग जात असेल तर दुसरीलाही गेलाच पाहिजे. उलट, दुसरीला भाग जात असेल तर पहिल्या राशीच्या चौपटीला भाग जातो, आणि ४ व १७ यांच्यात सामाईक विभाजक नसल्यामुळे पहिल्या राशीलाही जातो. सिद्धता संपली. गुणाकार आणि बेरीज यांपलीकडे तीत काही नाही. चारनेच गुणायचे, हे मात्र कुठल्या पुस्तकात छापलेले नसते.

या परीक्षेने टिपलेली नावे पुढे मोठी झाली. १८९७ मध्ये दुसरे पारितोषिक मिळवणारे लिपोत फेयेर यांनी तीनच वर्षांनी, विशीत असताना, फूरिये श्रेणींवरचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. १८९८ चे विजेते थिओडोर फॉन कार्मान ‘मिंटा’ काढणाऱ्या मोर कार्मान यांचे पुत्र. विमानविद्येच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. १९०२ मध्ये देनेश क्योनिग, १९०३ मध्ये आल्फ्रेद हार, १९१२ मध्ये गाबोर सेगो, १९२५ च्या विजेत्यांत एडवर्ड टेलर. याच काळातल्या जॉर्ज पोल्या यांनीही ही परीक्षा दिली, पण उत्तरपत्रिका न देताच ते उठून गेले. प्रश्न कसे सोडवावेत या विषयावर विसाव्या शतकात सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक पुढे १९४५ साली त्यांनीच लिहिले. एका दुपारच्या कसोटीत न बसणारी बुद्धीही असते, याचे हे बोलके उदाहरण.

१९२९ मध्ये योझेफ क्युर्शाक यांनी तोवरचे सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका पुस्तकात एकत्र केली. दुसऱ्या महायुद्धानंतर या परीक्षेलाच क्युर्शाक यांचे नाव देण्यात आले. पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर साठच्या दशकात अमेरिकेत निघाले आणि १७ च्या भागाकाराचा तो प्रश्न जगभरच्या मुलांपर्यंत पोहोचला.

पाच बिंदू

पहिल्या महायुद्धात बंद पडलेले ग्योरचे मासिक १९२५ मध्ये आंदोर फारागो यांनी पुन्हा सुरू केले. मधल्या काळात देश बदलला होता. साम्राज्य मोडले होते, हंगेरीचा मोठा भाग शेजारी देशांत गेला होता, आणि १९२० च्या कायद्याने ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ प्रवेशावर मर्यादा घातली होती. ज्यांच्यासाठी बाकीची दारे अरुंद होत चालली होती, अशा अनेक मुलांना मासिकाचे पान मात्र खुले होते. पॉल एर्दोश आणि पॉल तुरान यांनी एकमेकांना पाहिले नव्हते तेव्हाही मासिकात छापून येणाऱ्या उत्तरांमुळे ते एकमेकांना नावाने ओळखत.

तिशीच्या दशकाच्या आरंभी अशीच काही तरुण मंडळी बुडापेस्टच्या उद्यानात, मध्ययुगीन बखरकार ‘अनामिक’ याच्या पुतळ्यापाशी, जमत. एर्दोश, तुरान, रसायन अभियांत्रिकी शिकलेले जॉर्ज सेकेरेश, एस्थर क्लाइन. त्यांच्या गप्पांचा विषय गणित. एके दिवशी एस्थर क्लाइन यांनी एक प्रश्न पुढे ठेवला : कागदावर पाच बिंदू असे घ्या की त्यांतले कोणतेही तीन एका रेषेत नाहीत. त्यांतले चार बिंदू बहिर्वक्र चौकोनाचे, म्हणजे एकही कोपरा आत न दबलेल्या चौकोनाचे, शिरोबिंदू असतातच. का?

त्यांनीच दिलेले उत्तर पाटीवर काढून पाहण्यासारखे आहे. पाचही बिंदूंवर खिळे ठोकले आणि बाहेरून एक रबर ताणून सोडले असे समजा. रबर पाच किंवा चार खिळ्यांना टेकले, तर चौकोन मिळालाच. ते तीनच खिळ्यांना टेकले, तर दोन बिंदू त्रिकोणाच्या आत राहिले. त्या दोघांतून जाणारी रेषा काढली की त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंपैकी दोन तिच्या एका बाजूला येतात. ते दोन आणि आतले दोन मिळून हवा तो चौकोन होतो.

चौकोनासाठी पाच बिंदू लागतात, मग पंचकोनासाठी किती, षटकोनासाठी किती? एर्दोश आणि सेकेरेश यांनी १९३५ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला आणि गणिताच्या एका नव्या शाखेला त्यातून चालना मिळाली. १९३७ मध्ये सेकेरेश आणि क्लाइन यांचा विवाह झाला, म्हणून एर्दोश यांनी या प्रश्नाला ‘सुखान्त प्रश्न’ असे नाव दिले. नाझी छळापासून दूर जाण्यासाठी हे दाम्पत्य शांघायला गेले आणि तिथून १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियाला. गणित स्पर्धांच्या इतिहासात ते चाळीस वर्षांनी पुन्हा भेटतात.

वर्तुळातून शिडीकडे

हंगेरीतला प्रयोग एकाकी नव्हता. शेजारच्या रोमानियात १८९५ पासून ‘गाझेता मातेमातिका’ हे मासिक निघत होते आणि त्यानेही वाचकांसाठी स्पर्धा सुरू केल्या होत्या. सोव्हिएत संघात १९३४ मध्ये लेनिनग्राडला आणि १९३५ मध्ये मॉस्कोला गणिताची ऑलिम्पियाड झाली. या नावाचा गणितातला वापर तिथूनच रूढ झाला. सोव्हिएत पद्धतीचा विशेष परीक्षेत नव्हे, परीक्षेआधीच्या ‘वर्तुळा’त होता. आठवड्यातून एकदा शाळेनंतर मुले विद्यापीठात जमत, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक त्यांना प्रश्न देत, आणि मुले फळ्यापाशी उभी राहून आपली उत्तरे समजावून सांगत. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्यासारखे पहिल्या रांगेतले गणितज्ञ शाळकरी मुलांसाठी व्याख्याने देत. ऑलिम्पियाडमध्ये वरच्या आणि खालच्या इयत्तांना वेगवेगळे प्रश्न असत.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९५० मध्ये न्यूयॉर्क परिसरात शाळांसाठी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा सुरू झाली आणि १९५७ मध्ये ती देशभर पसरली. पन्नास प्रश्न, उत्तरावर खूण करायची, सिद्धता लिहायची नाही. लाखो मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या तर याहून सोयीचा मार्ग नव्हता. पण खूण बरोबर पडली म्हणजे विचार बरोबर होता असे म्हणता येत नाही. म्हणून १९७२ मध्ये निवडक विद्यार्थ्यांसाठी सिद्धता मागणारी राष्ट्रीय ऑलिम्पियाड आली, आणि दोन्हींमधली दरी मोठी वाटल्यावर १९८३ पासून एक मधली परीक्षाही. पुढे खालच्या इयत्तांसाठी सोप्या परीक्षा जोडल्या गेल्या. पायथ्याशी सगळ्यांना प्रवेश, वर जाईल तसतसे प्रश्न कमी, वेळ जास्त आणि लेखन अधिक, ही शिडी नंतर अनेक देशांनी आपापल्या परीने उभी केली.

ब्रासोव्ह, १९५९

१९५९ च्या जुलैत रोमानियाच्या गणित संस्थेने शेजारी देशांच्या शालेय संघांना बोलावले. तिबेरिउ रोमान हे या बेतामागचे प्रमुख. सात देश आले : यजमान रोमानिया, हंगेरी, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ. सहा देशांचे आठ-आठ आणि सोव्हिएत संघाचे चार असे ५२ विद्यार्थी. स्पर्धा ब्रासोव्ह आणि बुखारेस्ट इथे झाली, पहिला क्रमांक रोमानियाला मिळाला, आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा जन्म झाला.

पहिला प्रश्न पोलंडने सुचवलेला होता. न ही कोणतीही नैसर्गिक संख्या असो, अंशात २१न + ४ आणि छेदात १४न + ३ असलेल्या अपूर्णांकाला कधीही आणखी संक्षिप्त रूप देता येत नाही, हे दाखवायचे होते. शाळेच्या भाषेत, अंश आणि छेद यांचा मसावि नेहमी १ असतो. छेदाची तिप्पट म्हणजे ४२न + ९. अंशाची दुप्पट म्हणजे ४२न + ८. दोन्हींत फरक एकाचा. अंश आणि छेद या दोघांना भागणारी संख्या या फरकालाही भागणारच, आणि १ ला भागणारी नैसर्गिक संख्या १ च. उत्तर संपले.

१८९४ चा प्रश्न आठवला की नाते लगेच कळते. दोन राशी योग्य संख्यांनी गुणून बेरीज किंवा वजाबाकी करायची आणि नकोसे ते घालवायचे. पासष्ट वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या प्रश्नकर्त्याने तेच हत्यार मागितले होते. आज हा प्रश्न ऑलिम्पियाडच्या इतिहासातल्या सर्वात सोप्या प्रश्नांत मोजला जातो आणि तयारी करणारी मुले बहुधा पहिल्या आठवड्यातच तो सोडवतात.

सुरुवातीची काही वर्षे स्पर्धा पूर्व युरोपातच राहिली. १९६४ मध्ये मंगोलिया, १९६५ मध्ये फिनलंड, १९६७ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि स्वीडन आले. १९७४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या स्पर्धेत अमेरिका पहिल्यांदा उतरली आणि सोव्हिएत संघापाठोपाठ दुसरी आली. त्याच वर्षी, युद्ध अजून संपलेले नसताना, व्हिएतनामचाही पहिला संघ आला. १९८० हे एकच वर्ष स्पर्धेविना गेले.

नियमही हळूहळू पक्के झाले. संघात सहा जण, प्रश्न सहा, दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीन प्रश्न, प्रत्येकाला सात गुण, एकूण ४२. यजमान सोडून बाकीचे देश प्रश्न सुचवतात, यजमानांची समिती त्यांतून यादी काढते, आणि संघप्रमुखांचे मंडळ सहा प्रश्न निवडून आपापल्या भाषांत उतरवते. परीक्षा होईपर्यंत संघप्रमुख आपल्या विद्यार्थ्यांपासून दूर राहतात. पहिला आणि चौथा प्रश्न तुलनेने सोपा, दुसरा आणि पाचवा मध्यम, तिसरा आणि सहावा अवघड, असा संकेत रूढ झाला. साधारण निम्म्या विद्यार्थ्यांना पदके मिळतात, आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचे प्रमाण एकास दोनास तीन राखले जाते.

कॅनबेराचा सहावा प्रश्न

अवघड प्रश्न म्हणजे किती अवघड, याची मोजपट्टी १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला मिळाली. पश्चिम जर्मनीकडून आलेला प्रश्न दोन ओळींचा होता. अ आणि ब या धन पूर्णांक संख्या आहेत, आणि अब + १ ने अ² + ब² ला निःशेष भाग जातो. तर तो भागाकार नेहमी वर्गसंख्याच असतो, हे सिद्ध करा.

ऑस्ट्रेलियाच्या प्रश्न समितीत सहा जण होते आणि त्यांत एस्थर व जॉर्ज सेकेरेश हे दाम्पत्य होते. अनामिकाच्या पुतळ्यापाशी प्रश्नांशी खेळणारे तरुण आता सत्तरी ओलांडलेले गुरुजन झाले होते. समितीतल्या कोणालाही हा प्रश्न सुटला नाही. मग तो देशातल्या संख्या-सिद्धान्तातल्या चार नामवंत गणितज्ञांकडे पाठवून सहा तास दिले. त्यांनाही तेवढ्या वेळात जमले नाही. प्रश्नावर दोन तारे मारून तो संघप्रमुखांपुढे ठेवण्यात आला. जर्मन संघाचे प्रशिक्षक आर्थर एंगेल यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे बऱ्याच चर्चेनंतर मंडळाने तो घेण्याचे धाडस केले. २६८ विद्यार्थ्यांपैकी ११ जणांनी तो पूर्ण सोडवला.

प्रश्नाचा गाभा एका उदाहरणात कळतो. ८ आणि ३० घ्या. गुणाकारात १ मिळवून २४१ आणि वर्गांची बेरीज ९६४. भागाकार ४, म्हणजे वर्गसंख्या. आता ८ आणि भागाकार ४ तसेच ठेवून ३० च्या जागी अज्ञात मांडले की वर्गसमीकरण तयार होते. त्याचे एक मूळ ३० आहेच. दोन मुळांची बेरीज ४ × ८ म्हणजे ३२, म्हणून दुसरे मूळ २. म्हणजे २ आणि ८ ही नवी जोडी, आणि भागाकार तोच : ६८ भागिले १७ बरोबर ४. हीच कृती पुन्हा केली की ८ च्या जागी ४ × २ – ८ म्हणजे शून्य येते. शून्य आणि २ ही जोडी उरली की गुणाकारात १ मिळवून १ च होतो, वर्गांची बेरीज २², आणि भागाकार ४ का आला ते उघड होते. कोणत्याही जोडीपासून निघून असेच उतरत गेले की शेवटी शून्य गाठावेच लागते, एवढे सिद्ध केले की झाले. मुळांची बेरीज आणि गुणाकार दहावीच्या बीजगणितात असतात. पण एका जोडीतून दुसरी काढून खाली उतरायचे, ही कल्पना त्या सभागृहात बसून सुचणे हेच खरे कठीण होते. ही रीत त्यानंतर इतकी सर्वतोमुखी झाली की आता ती शिबिरांत नाव घेऊन शिकवतात. काल अशक्य वाटलेला प्रश्न उद्याच्या मुलांचा सराव होतो, हे या स्पर्धांमध्ये वारंवार घडले आहे.

त्या अकरांपैकी एक होता व्हिएतनामचा न्गो बाओ चाउ. २०१० मध्ये त्याला गणितातले मानाचे फील्ड्स पदक मिळाले. त्याच स्पर्धेत तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास सुवर्णपदक मिळवणाऱ्या टेरेन्स ताओला या प्रश्नात सातांपैकी एकच गुण होता. त्यालाही २००६ मध्ये फील्ड्स पदक मिळाले.

मुंबई, १९९६

भारतात शालेय गणित स्पर्धा आधीपासून निरनिराळ्या राज्यांत होत होत्या, पण त्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने केले. अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये हे मंडळ स्थापन केले, १९८६ पासून राष्ट्रीय ऑलिम्पियाड सुरू झाली, आणि १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीत ब्राउनश्वाइगला भारताचा पहिला संघ गेला. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने शालेय मुलांना या वाटेवर आणण्याचे काम महाराष्ट्रात हाती घेतले.

पदार्पणानंतर सातच वर्षांनी, जुलै १९९६ मध्ये, स्पर्धा मुंबईला झाली. ऐन पावसाळ्यात ७५ देशांतले ४२४ विद्यार्थी आले. पहिला क्रमांक पुन्हा रोमानियाचा, आणि ४२ पैकी ४२ गुण मिळवणारा एकमेव विद्यार्थीही रोमानियाचाच, चिप्रियान मानोलेस्कु. संकेताप्रमाणे सहावा प्रश्न सर्वात अवघड असायला हवा होता, पण मुंबईत पाचव्याने सगळ्यांना नमवले. समोरासमोरच्या बाजू समांतर असलेल्या षटकोनाबद्दल त्यात एक असमानता सिद्ध करायची होती.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो चौथा प्रश्न. अ आणि ब या अशा धन पूर्णांक संख्या आहेत की १५अ + १६ब आणि १६अ – १५ब या दोन्ही धन पूर्णांकांच्या वर्गसंख्या आहेत. या दोन वर्गांतला लहान वर्ग कमीत कमी किती असू शकेल?

पहिला वर्ग क्ष² आणि दुसरा य² मानला, तर सुरुवात ग्योरच्या काळातल्या मुलालाही ओळखीची वाटेल. पहिल्या राशीला १५ ने आणि दुसरीला १६ ने गुणून मिळवले की ब गळून पडतो आणि १५क्ष² + १६य² बरोबर ४८१अ राहते, कारण २२५ आणि २५६ मिळून ४८१. उलट गुणून वजा केले की अ गळतो आणि १६क्ष² – १५य² बरोबर ४८१ब मिळते. १७ च्या जागी ४८१ आले, पण हत्यार तेच. फरक एवढाच की १८९४ मध्ये इथेच काम संपत होते, १९९६ मध्ये ते इथे सुरू होते. ४८१ म्हणजे १३ × ३७. वर्गसंख्यांना १३ ने भागल्यावर काही ठराविकच बाक्या उरू शकतात, आणि ३७ चेही तसेच. त्या बाक्या तपासल्या की क्ष आणि य या दोघांनाही १३ ने आणि ३७ ने भाग गेल्यावाचून सुटका नाही असे दिसते. म्हणजे दोन्ही संख्या ४८१ च्या पटीत. ब = ४८१ आणि अ = त्याच्या ३१ पट घेतले, तर दोन्ही राशी नेमक्या ४८१² येतात. उत्तर ४८१², म्हणजे २,३१,३६१.

आजची शिडी

मुंबईतल्या मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ पासून काम करते, आणि देशातल्या विज्ञान ऑलिम्पियाडचे ते मुख्य ठाणे आहे. गणिताच्या शिडीची पहिली पायरी तीन तासांत तीस प्रश्नांची. तिथे उत्तर म्हणून फक्त ० ते ९९ मधला पूर्णांक नोंदवायचा. दुसरी पायरी प्रादेशिक. तिच्यात सहा प्रश्न आणि प्रत्येकाची पूर्ण सिद्धता. महाराष्ट्र आणि गोवा मिळून त्यासाठी एक विभाग धरला जातो. तिसरी पायरी राष्ट्रीय, तीही सहा प्रश्नांची, पण बरीच खोल. त्यातून निवडलेल्यांचे उन्हाळी शिबिर भरते आणि शिबिराअखेर सहा जणांचा संघ ठरतो. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे भारतीय संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवून चौथा क्रमांक पटकावला. तोवरची ती भारताची सर्वोत्तम कामगिरी होती.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेला आता शंभराहून अधिक देश येतात आणि विद्यार्थ्यांची संख्या सहाशेच्या घरात असते. हंगेरीतले मासिकही चालू आहे. सप्टेंबर ते मे असे वर्षाला नऊ अंक निघतात. त्यातली उदाहरणे आता पातळीनुसार विभागलेली असतात : नववीत नुकत्याच आलेल्यांसाठी वेगळी, सराव म्हणून करायची वेगळी, कस लावणारी वेगळी, आणि ऑलिम्पियाडच्या तोडीची सर्वात वेगळी. पोस्टाऐवजी संगणकावरून उत्तर पाठवता येते. नाव छापून येण्यासाठी मात्र सिद्धता अजूनही पुरती आणि नेटकी लिहावी लागते.